नाव ठेवण्याआधी बघा : मेडिकलच्या मुलांसाठी चित्रांची शाळा

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या आवारातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की टाउन हॉलची बाग लागते. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या आराखड्यातून उभ्या राहिल्या, मेजर चार्ल्स मँटच्या. टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळातला, हॉस्पिटलची जुनी इमारत त्यानंतरच्या काही वर्षांतली. एकीत रुग्ण, दुसरीत चित्रं आणि मूर्ती; मधे केएमटीच्या बस, रिक्षा आणि वडाप. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि इथल्या मेडिकलच्या मुलांनी वर्षानुवर्षं बागेत बसून वडापाव खाल्लेला असतो, पण आतलं संग्रहालय पाहिलेलं नसतं. मीही पाहिलं नव्हतं. आता एका चित्रकार मित्राला सोबत घेऊन मी दहा-बारा मुलांची तुकडी तिथे नेतो. ते कसं करायचं, ते इथे लिहितो आहे. ज्यांना आपल्या कॉलेजात करून बघायचं असेल त्यांनी यातलं हवं ते घ्यावं.

आधी माझी चूक सांगतो. इंटर्न असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची केस माझ्याकडे होती. डायबेटिस, पायाला जखम. मी पायावरून कापूस फिरवल्यासारखं केलं आणि ‘सेन्सेशन नॉर्मल’ लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी राउंडला सरांनी खाटेखालची कोल्हापुरी चप्पल उचलली. अंगठ्याला सुतळीचे तीन-चार वेढे देऊन ती घट्ट केलेली होती. ‘हे कशाला ओ आजोबा?’ तर म्हणाले, ‘चालताना निसटती आणि कळतच न्हाई बघा. दोनदा रानातनं अनवाणीच घरी आलोय.’ पायाची संवेदना गेल्याची इतकी सरळ खूण तीन दिवस माझ्या बुटांशेजारी पडून होती. मी चप्पल बघितली नव्हती असं नाही. ‘चप्पल’ असं नाव देऊन मी पुढे गेलो होतो.

इन्स्पेक्शन, पाल्पेशन, पर्कशन, ऑस्कल्टेशन, म्हणजे आधी बघणं, मग चाचपणं, बोटाने ठोकणं आणि शेवटी स्टेथोस्कोपने ऐकणं, हा क्रम व्हायवात, तोंडी परीक्षेत, सगळेच धडाधडा म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात स्टेथोस्कोप आधी कानात जातो, किंवा हल्ली रिपोर्टचा फोटो आधी मोबाइलवर येतो. नाव सापडलं की डोळा सुट्टीवर जातो. चित्रासमोर मात्र रिपोर्ट नसतो. तिथे बघण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन यांनी तिथल्या ब्रिटिश चित्रांच्या संग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्यासोबत गेल्या शतकाच्या अखेरीस हे सुरू केलं. त्यांची तुलना २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि चित्रं बघायला शिकलेली मुलं रुग्णांच्या फोटोंतल्या खुणा जास्त टिपतात असं तिच्यात दिसलं. हार्वर्डच्या मुलांनी बॉस्टनच्या संग्रहालयात असाच अभ्यासक्रम केला. २००८ च्या त्यांच्या निबंधात टिपलेल्या निरीक्षणांची संख्या ३८ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. फिलाडेल्फियात ३६ विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून एका गटाला दीड-दीड तासाची सहा सत्रं दिली, तिथेही तेच दिसलं. गट छोटे आहेत, आणि हा परिणाम पाच-दहा वर्षं टिकतो असं यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. पण आपल्याकडे खर्च काय आहे? कागद, पेन्सिल आणि रस्ता ओलांडणं.

पायरी १ : माणसं, वेळ, जागा

एका तुकडीत बारापेक्षा जास्त मुलं नकोत. पंधरा झाली की मागचे चार मोबाइल काढतात. वेळ दीड तास, आणि तो दुपारच्या पोस्टिंगनंतर, म्हणजे वॉर्डातल्या कामानंतर नको. तेव्हा पोटात भूक आणि डोक्यात मेसचा डबा असतो. शनिवारी सकाळी ठीक. टाउन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि गटाने जायचं असेल तर आधी पत्र देऊन परवानगी काढा, म्हणजे दारात वाद होत नाहीत.

शिकवायला दोघं लागतात, एक डॉक्टर आणि एक चित्रकार. कोल्हापुरात चित्रकार शोधावा लागत नाही. दळवीज् किंवा कलानिकेतन या चित्रकलेच्या शाळांतून बाहेर पडलेला कोणीतरी तुमच्या गल्लीतच राहत असतो. मात्र चित्रकाराला एक गोष्ट बजावून सांगायची, की हा कलेच्या इतिहासाचा तास नाही. माझ्या मित्राने पहिल्या वेळी चाळीस मिनिटं कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्यावर इतकं सुंदर भाषण केलं की मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि चित्राकडे कोणीच बघितलं नाही.

डॉक्टरलाही एक पथ्य आहे. तुम्ही त्यांचे एक्झामिनर आहात हे मुलं विसरत नाहीत. म्हणून हजेरी, मार्क, ‘बरोबर’, ‘चूक’ हे चार शब्द त्या दीड तासापुरते खिशात ठेवायचे.

पायरी २ : चित्र निवडणं

ओळखीचं चित्र घेऊ नका. शिवाजी महाराजांचं चित्र दाखवलं तर मुलं चित्र बघत नाहीत, माहीत असलेली गोष्ट सांगतात. माणसं असलेलं, काहीतरी चाललेलं, पण नेमकं काय चाललंय ते पटकन न कळणारं चित्र सगळ्यात चांगलं. खालची पाटी कागदाने झाका.

टाउन हॉलमध्ये माझी सुरुवातीची आवडती वस्तू चित्र नाहीच. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे ती. रोमनांशी चाललेल्या व्यापारातून हा ग्रीक समुद्रदेव पंचगंगेकाठी आला. मुलांना तो कोण हे माहीत नसतं, त्यामुळे वर्णनच करावं लागतं : वजन कुठल्या पायावर आहे, खांदे समपातळीत आहेत का, उचललेल्या हातात काही असावं असं का वाटतं. माणूस उभा कसा आहे हे शब्दांत सांगणं किती अवघड असतं ते पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. ऑर्थोपेडिक्सच्या पोस्टिंगला याचा उपयोग होतो.

त्यानंतर कोल्हापूरच्या चित्रकारांची निसर्गचित्रं. आबालाल रहिमान (ते १९३१ साली गेले) कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तिथलं पाणी, रंकाळ्याचं पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. अशा चित्रासमोर एकच प्रश्न टाका : सकाळ आहे की संध्याकाळ, आणि कशावरून? सावलीची दिशा, पाण्यावरचा रंग, धुकं, माणसं. उत्तर कुठलंही येवो, ‘कशावरून’ महत्त्वाचं.

व्यक्तिचित्रं हवी असतील तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. त्यांची पावडर शेडिंगची चित्रं करड्या छटांची आहेत, आणि रंग नसला की चेहऱ्याचे उंचसखल भाग जास्त दिसतात. शाहू स्मारक भवनात बहुतेक वेळा कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन चालू असतंच. वर्षातून एकदा जमलं तर खिद्रापूरला, कोपेश्वराच्या देवळात. तिथल्या मूर्तींचे तुटलेले हात आणि नाकं बघताना ‘जे नाही ते कसं होतं’ हा प्रश्न आपोआप येतो. शिवाय येताना नरसोबाच्या वाडीची बासुंदी होते, तीही गटबांधणीच म्हणायची.

पायरी ३ : तीन मिनिटं गप्प, मग तीन प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या गाळल्या तरी चालतील.

चित्रासमोर उभं राहायचं, तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. घड्याळ लावा. पहिलं मिनिट सोपं जातं. दुसऱ्या मिनिटाला खोकला, चुळबुळ, हसू. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी पुढे वाकतं. ते पुढे वाकणं हवं असतं. त्याआधी बोलायला लावलं तर वरवरचंच येतं.

मग प्रश्न. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काम केलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हौसेन यांनी मिळून बसवलेली पद्धत आहे, तिच्यात तीनच प्रश्न आहेत. मी ते आपल्या भाषेत असे विचारतो : या चित्रात काय चाललंय? असं तू कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? प्रत्येक उत्तर आपण आपल्या शब्दांत परत म्हणायचं, दिसलेल्या भागाकडे बोट दाखवायचं आणि पुढच्याकडे वळायचं. शाबासकी नाही, दुरुस्ती नाही.

सोबत वहीत दोन रकाने. डावीकडे ‘दिसतंय’, उजवीकडे ‘वाटतंय’. इथे खरी कुस्ती होते. एकदा खिडकीजवळ बसलेल्या बाईचं चित्र होतं. एक मुलगी म्हणाली, ‘ती उदास दिसते.’

‘उदास दिसतं का? कसं?’

‘म्हणजे… तिची मान खाली आहे.’

‘मान खाली हे डावीकडे लिही. आणखी?’

‘हात मांडीवर आहेत, पण तळवे वर. काही धरलेलं नाही.’

मागून एक मुलगा म्हणाला, ‘सर, ती दमलेली पण असू शकते. माझी आई भांगलून आली की अशीच बसते.’

मग मुलगी थांबली आणि तिने ‘उदास’ पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह म्हणजेच डिफरन्शियल डायग्नोसिस, एकाच लक्षणामागे कोणकोणते आजार असू शकतात याचा विचार. एकाच दिसण्याला दोन नावं असू शकतात हे पाठ्यपुस्तकातल्या यादीतून कळतं, पण पटतं ते असं. आणि त्या मुलाची आई, शेत, भांगलण हे सगळं त्याच्या नजरेत आधीच होतं. शहरातल्या मुलीच्या नजरेत ते नव्हतं. बारा जण एकच चित्र बघतात तेव्हा बारा घरं त्याच्यापुढे उभी असतात. वॉर्डातही तसंच असतं, फक्त तिथे सीनियर बोलला की बाकीचे अकरा गप्प होतात.

काही शब्दांवर मी बंदी घालतो : ‘नॉर्मल’, ‘गरीब’, ‘खेडवळ’, ‘अशिक्षित’, ‘सुंदर’. त्यांच्याऐवजी काय दिसलं ते सांगायचं. ‘गरीब’ म्हणजे काय? कोपराला ठिगळ आहे? पायात काही नाही? बंदी घातली की मुलं सुरुवातीला अडखळतात, मग त्यांना आईच्या, आजीच्या तोंडचे शब्द आठवायला लागतात : चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले, अंग चोरून बसलेली. आपली भाषा यात श्रीमंत आहे. केसपेपरवर इंग्रजीत ‘जनरल कंडिशन फेअर’ लिहिताना ती सगळी वाया जाते.

एक खेळ मात्र कटाक्षाने टाळा, चित्रातल्या माणसाला आजार चिकटवण्याचा. मोनालिसाच्या डोळ्यापाशी कोलेस्टेरॉलचा डाग शोधणारे हौशी लोक जगभर आहेत. मुलांना ते फार आवडतं, कारण पुन्हा नावावर येता येतं. सत्राच्या शेवटी पाच मिनिटं गंमत म्हणून चालेल, आधी नाही.

पायरी ४ : पाठीला पाठ

दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने वर्णन करायचं, दुसऱ्याने काढायचं. वस्तूचं नाव घ्यायचं नाही, फक्त आकार, जागा, माप. सात मिनिटं. मग कागद चित्राशेजारी ठेवायचा. हसून पुरेवाट होते.

हसून झालं की विचारा, रात्री दोनला फोनवर सीनियरला पुरळाचं वर्णन कसं सांगता? ‘सर, रॅश आहे, पसरलेली आहे.’ किती मोठी, कुठून कुठे गेली, कडा स्पष्ट की अस्पष्ट, सपाट की उंचवटा, दाबल्यावर रंग जातो का? पलीकडचा माणूस आपल्या शब्दांवरच चित्र काढतो आहे, हे पाठीला पाठ लावून बसलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ५ : आपलाच हात काढा

कागदाकडे न बघता, नजर फक्त डाव्या हातावर ठेवून, त्याची बाह्यरेषा काढायची. डोळा जितक्या वेगाने सरकेल तितक्याच वेगाने पेन्सिल. चित्र वाईट येणार हे आधीच सांगून टाका, नाहीतर ‘मला ड्रॉइंग येत नाही’ म्हणणारे कागद झाकून बसतात. दहा मिनिटांनी बऱ्याच जणांना आपल्या नखाचा कोन, सुरकुत्या, एखादा जुना व्रण आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला असतो.

याला जोडून क्लबिंग, म्हणजे काही आजारांत बोटांची टोकं फुगून नखं गोलावणं, शिकवा. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरली की मधे छोटी शंकरपाळ्यासारखी फट दिसते. क्लबिंगमध्ये ती नाहीशी होते. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकन हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ साली ही खूण मांडली, ती स्वतः आजारी असताना स्वतःच्याच बोटांकडे बघून. ही गोष्ट सांगितली की मुलं ती फट विसरत नाहीत.

पायरी ६ : रंग

चित्रकाराला इथे मोकळं सोडा. जलरंगाचा डबा, पाणी, आणि एकच काम : आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूचा रंग तयार करा. बाजारात मिळणारा ‘स्किन’ रंग वापरायचा नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा निळा, किंचित लाल, आणि तरी जुळत नाही. गव्हाळ, सावळा, निमगोरा या शब्दांत किती छटा दडल्यात ते तेव्हा कळतं.

हे काम शोभेचं नाही. आपल्या पुस्तकांतले पुरळाचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीवरचे असतात. तिथे जे लालभडक दिसतं ते सावळ्या कातडीवर जांभळट किंवा नुसतंच गडद तपकिरी दिसतं, आणि कधी ते डोळ्यापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला, उष्णतेवरून आधी कळतं. कावीळ पिवळ्या बल्बच्या उजेडात लपते. म्हणून तोच कागद आधी दिव्याखाली आणि मग खिडकीपाशी धरायला लावतो. ज्याने हा फरक रंगांत बघितलाय तो डोळ्यांतली पिवळी झाक बघायला रुग्णाला उजेडात घेऊन जातो. रक्त कमी असल्याचा निस्तेजपणा ओठांवर ठरवायचा नसतो, पापणीची आतली बाजू, जीभ आणि तळवा बघायचा, हेही इथेच सांगून टाकावं.

पायरी ७ : दुसऱ्याच्या जागी बसणं

आता अवघड भाग. निरीक्षण शिकवता येतं. सहवेदना शिकवता येते का, याबद्दल मी सावध आहे. फिलाडेल्फियातल्या एका मेडिकल कॉलेजात केलेल्या पाहणीत, जी २००९ साली छापून आली, मुलांची सहवेदना तिसऱ्या वर्षी घसरते असं दिसलं, म्हणजे नेमकी रुग्णांशी रोजची गाठ सुरू होते तेव्हा. दगड होणं हा काहींचा स्वतःला वाचवण्याचा मार्ग असतो. त्यामुळे ‘वाईट वाटून घ्या’ असं सांगून काही होत नाही. जास्त वेळ बघायला लावता येतं, इतकंच.

यासाठी मी एक छापील प्रत वापरतो, ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराचं १८९१ सालचं ‘डॉक्टर’. दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजारी मूल, शेजारी हनुवटीवर हात टेकून बसलेला डॉक्टर, दिव्याचा उजेड दोघांवर. मुलं पहिली पाच मिनिटं डॉक्टरवरच बोलतात. मग कोणाला तरी मागच्या अंधारात टेबलावर डोकं टेकलेली आई दिसते, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा बाप दिसतो. बाप कोणाकडे बघतोय? डॉक्टरकडे. आमच्या वॉर्डातही पडद्यापाशी असाच कोणीतरी उभा असतो, आणि राउंडमध्ये त्याच्या पायावर आपण पाय देतो. फिल्ड्सचा स्वतःचा मुलगा १८७७ साली दगावला होता. त्या वेळच्या डॉक्टरची आठवण या चित्रामागे होती. ही माहिती मी शेवटी देतो.

मग दहा मिनिटं लेखन. चित्रातल्या कुठल्याही एकाच्या जागी बसून ‘मी’ने सुरुवात करायची. डॉक्टर सोडून. वाचून दाखवण्याची सक्ती अजिबात नाही. एकदा एका मुलाने कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर गेला. त्याचे वडील आदल्या वर्षी गेले होते, हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी आधीच सांगतो की काय दाखवणार आहे, आणि कुणाला नको असेल तर बागेत जाऊन चहा प्यायला मोकळीक असते.

पायरी ८ : रस्ता ओलांडून परत

हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला तर सगळं सहलीच्या खात्यात जमा होतं.

प्रत्येकाने एक रुग्ण निवडायचा. फाइल उघडायची नाही. आधी परवानगी : ‘मावशी, पाच मिनिटं तुमच्याजवळ बसू का? तपासायचं नाही, शिकायला आलोय.’ उभं राहायचं नाही, स्टुलावर बसायचं. फोटो नाही, चेहऱ्याचं रेखाटन नाही, वहीत नाव किंवा बेड नंबर नाही. पाच मिनिटं बघायचं. बोलणं झालं तर होऊ द्यायचं. मग तेच दोन रकाने.

काय काय येतं बघा. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या, मनगटावर त्यांचा जुना वण : वजन किती उतरलं असेल? पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक. उशाला तीन उश्या, म्हणजे आडवं झालं की दम लागतो का? बशीत तसाच राहिलेला हॉस्पिटलचा शिरा आणि पिशवीत घरची भाकरी. नातेवाईक नसलेल्या खाटेवरचा, दाराकडेच तोंड करून झोपलेला माणूस. हे सगळं ‘दिसतंय’मध्ये लिहायचं आणि मग फाइल उघडून ताडून बघायचं. काही जुळतं, काही साफ चुकतं. गळ्यातल्या ताइतावरून एकाने मोठी कथा रचली होती. तो शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा ताईत निघाला, राखायला दिलेला.

वेळापत्रकात कुठे बसवायचं

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास आहेत, ज्याला सगळे एटकॉम म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते स्लाइडवर उरकले जातात. त्यातले दोन तास इकडे वळवा. विभागप्रमुखांना वेगळी परवानगी मागण्यापेक्षा हे सोपं जातं. एकदाच करण्यापेक्षा महिन्यातून एक असं चार-सहा वेळा केलं तर फरक दिसतो.

फरक मोजायचा असेल तर साधी रीत आहे. सुरुवातीला रुग्णांचे तीन फोटो (संमती घेतलेले, चेहरा झाकलेले), प्रत्येकी तीन मिनिटं, दिसेल ते लिहा. शेवटच्या सत्रानंतर तितकेच अवघड दुसरे तीन. मुद्दे मोजायचे, आणि ‘दिसतंय’मध्ये चुकून शिरलेले ‘वाटतंय’ही मोजायचे. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. कागद तपासणाऱ्याला कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे कळता कामा नये. सहवेदनेसाठी प्रश्नावल्या मिळतात, पण तिथे शहाणी मुलं अपेक्षित उत्तराला खूण करतात, म्हणून मी त्या भरून घेत नाही.

सामानाची यादी छोटी आहे : ४बी आणि ६बी पेन्सिली, खोडरबर एकही नाही, दोन रकाने आखलेल्या वह्या, पाट्या झाकायला कागद. चिकटपट्टी नेऊ नका, संग्रहालयाचे लोक रागावतात आणि ते बरोबरच आहे. पाटीसमोर कागद धरून एका मुलाला उभं करा. त्याची पाळी पुढच्या चित्राला.